चिंचेतलं आम्ल आणि माशाचा वास

पवनारहून एका वाचक भगिनींनी विचारलं आहे : माशासोबत ‘ड्राय व्हाइट वाइन’च हवी असं पाककृतींच्या कार्यक्रमांत सांगतात, त्यामागे काही रसायनशास्त्र आहे की नुसती टूम? वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, त्यात पवनार म्हणजे विनोबांच्या आश्रमाचं गाव. तिथून हा प्रश्न यावा याचं मला फार कौतुक वाटलं. बाटली न उघडताही त्याचं उत्तर मिळतं, कारण त्यातला मुख्य घटक पवनारच्या घरोघरी बरणीत असतो.

ड्राय वाइनमध्ये द्राक्षाची जवळपास सगळी साखर यीस्टने फस्त केलेली असते. मग जिभेला जाणवतो तो आंबटपणा. लिंबात सायट्रिक आम्ल, दह्यात लॅक्टिक, तसं द्राक्षात टार्टारिक. हे आम्ल भरपूर असलेली फळं मोजकीच, आणि त्यांत चिंच सगळ्यांत वरची. चिंच पिकली तरी हे आम्ल फारसं कमी होत नाही, नुसती साखर वाढते. म्हणून गाभुळलेली चिंच एकाच वेळी गोड आणि आंबट लागते. नाशिककडच्या सोव्हिन्यों ब्लां किंवा शेनिन ब्लां द्राक्षांची गोष्ट वेगळी. तिथल्या उन्हात द्राक्षातलं दुसरं, मॅलिक आम्ल भराभर घटतं. मग तोड लवकर करावी लागते किंवा वरून टार्टारिक आम्ल घालावं लागतं.

याच आम्लाच्या क्षारांनी १८४८मध्ये रसायनशास्त्राला नवं वळण दिलं. पॅरिसमध्ये पंचविशीच्या लुई पाश्चरने त्यांतल्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली पाहिले. ते दोन प्रकारचे होते, डाव्या-उजव्या पायाच्या चपलांसारखे. त्याने चिमट्याने एकेक वेचून दोन ढीग केले. एकाच्या द्रावणाने ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळला, दुसऱ्याच्या द्रावणाने डावीकडे. रेणूंनाही डावं-उजवं असतं, हे तेव्हा कळलं. पाठ्यपुस्तकं इथेच थांबतात. मला मात्र ज्याँ बातिस्त बिओ आठवतात. सेंद्रिय द्रवांमुळे प्रकाश वळतो हे त्यांनीच १८१५मध्ये दाखवलं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बिओंनी या तरुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. स्वतः तपासलेलं आम्ल, सोडा आणि अमोनिया त्यांनी पाश्चरच्या हाती दिला, द्रावण आपल्या देखरेखीत ठेवलं, स्फटिक डोळ्यांदेखत वेचून घेतले आणि मोजमाप स्वतः केलं. खात्री पटल्यावर ते त्याचे सर्वांत मोठे पाठीराखे झाले. आजच्या ‘क्रांतिकारी’ शोधांच्या बातम्यांना असे बिओ भेटायला हवेत! पाश्चरला पॅरिसची थंडीही पावली. साधारण २७ अंशांच्या वर हे स्फटिक असे वेगळे होतच नाहीत. वर्ध्याच्या मे महिन्यात त्याच्या हाती काही लागलं नसतं.

आता मासा. समुद्री माशाचा उग्र वास येतो तो मुख्यतः ट्रायमिथिलअमाइनमुळे. हा अल्कधर्मी पदार्थ आम्लाशी जुळून क्षार बनतो. क्षार हवेत उडत नाही, म्हणून वास बसतो. रेड वाइनने उलट वास का वाढतो, हे जपानी संशोधकांनी २००९मध्ये शोधलं : दोष वाइनमधल्या लोहाचा. म्हणजे माशाच्या बाबतीत ही निव्वळ टूम नव्हे.

पण पवनारच्या धाम नदीतल्या माशाला हे स्पष्टीकरण पुरत नाही. गोड्या पाण्यातल्या माशांत ट्रायमिथिलअमाइन तयार करणारा घटक फार थोडा असतो. त्यांना येतो तो चिखलाचा वास, जिओस्मिनचा. पहिल्या पावसानंतर मातीतून दरवळतं तेच हे जिओस्मिन. पाण्यात ते नीलहरित जीवाणूंमुळे येतं आणि माशाच्या चरबीत साठतं. आम्लात मात्र ते टिकत नाही, त्याचा रेणू बदलून वासहीन होतो. मासा शिजवण्याआधी चिंचेचा कोळ चोळून ठेवतात, त्याचं कारण हे.

कोणत्या वाइनसोबत काय खावं याच्या लांबलचक याद्या मात्र मला पटत नाहीत. सावजी रश्शासोबत वाइन सुचवणारे तर कॅप्सेसिनला विसरतात. मिरचीतलं हे द्रव्य तोंडातल्या ज्या ग्राहींना चेतवतं, ते एरवी ४२ अंशांच्या आसपास जागे होतात. अल्कोहोलमुळे ही मर्यादा ३४ अंशांपर्यंत उतरते, म्हणजे तोंडाची स्वतःची ऊबसुद्धा पोळायला लागते. तिथे ग्लासभर दूध घ्यावं, साय काढलेलंही चालेल. आग शमवण्याचं काम दुधातली प्रथिनं करतात.