न पेटलेल्या गल्लीचा हिशेब

भिवंडीत मागावरच्या माणसाची मुलाखत घ्यायची तर लाइट जाण्याची वाट बघावी लागते. माग चालू असताना शेजारी उभ्या माणसाचं बोलणंसुद्धा ओठांवरून ओळखायचं. लाइट गेली की कानात एकदम पोकळी होते, कामगार गळ्यातल्या गमछ्याने घाम पुसत दारात येतात आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं आपली असतात. वीज आली की वाक्य अर्धं टाकून माणूस आत. माझ्या वहीत अशी अर्धी वाक्यं पुष्कळ आहेत. अहवालात ती घालता येत नाहीत.

एका संस्थेने इथल्या पाच वस्त्यांमध्ये तीन वर्षं सलोख्याचा कार्यक्रम चालवला होता. गल्लीनिहाय समित्या, महिलांच्या बैठका, पोरांचं क्रिकेट, अफवा पसरली तर काय करायचं याचं प्रशिक्षण. पैसे देणाऱ्यांना त्याचं मूल्यमापन हवं होतं. मी आणि उर्दू उत्तम बोलणारी माझी सहकारी, दोघींना मिळून अठरा दिवस. आरोग्य आणि शिक्षणाच्या कार्यक्रमांचं मूल्यमापन मी बरीच वर्षं करते आहे. तिथे मोजायला काहीतरी हातात असतं. मुलाचं वजन असतं, शाळेची हजेरी असते. इथे जे घडलं नाही ते मोजायचं होतं.

हा प्रश्न भिवंडीला नवा नाही. १९७० च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर हे गाव पेटलं, पुढे मादन आयोगाने त्याची चौकशी केली. १९८४ मध्ये पुन्हा. मग १९८८ मध्ये सुरेश खोपडे इथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. सुमारे सत्तर. दोन्ही समाजांची माणसं, सोबत पोलीस, आणि बैठक दंगल झाल्यावर घ्यायची नाही, काही झालेलं नसताना घ्यायची. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसं मेली. तासाभराच्या अंतरावरची भिवंडी, जिच्याबद्दल सगळ्यांना धास्ती होती, ती शांत राहिली. खोपड्यांच्या पुस्तकाचं नावच ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ असं आहे. आमच्या धंद्यातला सगळ्यात अवघड प्रश्न मराठीत इतक्या सरळ शब्दांत दुसऱ्या कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

पण त्या ‘का नाही’चं उत्तर एकच देता येईल का? समित्यांमुळे, हे खरंच. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनीही दंगली होणाऱ्या आणि न होणाऱ्या शहरांच्या तुलनेत भिवंडीची दखल घेतली आहे. तरी १९८४ च्या आठवणीने लोक दमले होते का, हे विचारावं लागतं. माग बंद पडले की मालक एका समाजाचा, सूतव्यापारी दुसऱ्या समाजाचा आणि कामगार तिसऱ्या मुलखातला, असे सगळेच बुडतात, हेही विचारावं लागतं. आणि मग २००६ चा जुलै आहे. पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून इथे हिंसाचार झाला, गोळीबारात दोघे गेले, जमावाने दोन पोलिसांना मारलं. तेव्हा माणसं होती, रागही होता, पण तो राग घेऊन ज्या वाटेने कुणाकडे तरी जायचं ती वाट बुजली होती. निदान जुने लोक तसं सांगतात.

पहिले तीन दिवस कागदांत गेले. बैठकींची रजिस्टरं, बिस्किटांची बिलं, बॅनरसमोर ओळीने उभे राहिलेले फोटो. रजिस्टर वाचायची एक सवय लागते: सही बघायची, मजकूर नंतर. एका वस्तीच्या बैठकीत सलग वीस सह्या एकाच वळणाच्या होत्या. तिथली कार्यकर्ती ओशाळली. म्हणाली, “मॅडम, बायका आल्या होत्या, खरंच. पण सही करायला सांगितलं की घरचे विचारतात, कसली सही केलीस म्हणून.” मी ते खरं मानलं, कारण पुढे त्या बायका भेटल्या आणि त्यांना बैठकीतली भांडणं तपशिलासकट आठवत होती. उलट एका वस्तीत सह्या अस्सल होत्या, पण चहा कुठल्या दुकानातून आला हेही कुणाला सांगता येईना.

मग वस्तीत फिरणं सुरू झालं. कार्यक्रमाच्या सुरुवातीला झालेल्या पाहणीत एक प्रश्न होता: दुसऱ्या समाजाच्या शेजाऱ्यावर तुमचा विश्वास आहे का? जवळपास सगळ्यांनी ‘हो’ म्हटलं होतं. अशा शहरात अनोळखी बाई कागद घेऊन दारात उभी राहिली तर दुसरं काय म्हणणार? “सब मिलजुलके रहते हैं, मॅडम.” हे वाक्य मी त्या अठरा दिवसांत इतक्यांदा ऐकलं की पुढे ते कानावर आलं की मी पेन खाली ठेवायची. तीन वर्षांनी तोच प्रश्न विचारला तर ‘हो’ म्हणणारे घटले होते. तक्त्यात हे अपयश दिसतं. प्रत्यक्षात लोक आता खरं बोलू लागले होते, आणि हेच मला कार्यक्रमाचं पहिलं यश वाटलं. हे पैसे देणाऱ्यांना पटवायला मात्र नंतर दोन तास लागले, आणि पुरतं पटलं असं नाही.

रॉजर मॅकगिंटी आणि पामिना फर्चो या अभ्यासकांनी आफ्रिकेतल्या गावांमध्ये एक वेगळी पद्धत वापरली. शांतता आहे हे तुम्ही कशावरून ओळखता, असं लोकांनाच विचारायचं. काही ठिकाणी उत्तर आलं, रात्री कुत्री भुंकतात की नाही यावरून. कुत्रं भुंकतंय म्हणजे कुणी परकं फिरतंय. आम्ही तोच प्रश्न घेऊन बसलो. संस्थेच्या माणसांना आधी चहा आणायला पाठवायचं, ते खोलीत असले की नुसती स्तुती होते. आणि बायकांची बैठक पाण्याची वेळ टळल्यावरच.

उत्तरं भराभर आली. वातावरण टाइट असलं की शटर अर्ध्यावर येतं, पूर्ण खाली नाही. रिक्षावाला “उधर नहीं जाऊंगा” म्हणतो आणि कारण सांगत नाही. क्लासवरून मुलीला आणायला आईऐवजी बाप जातो. उत्तर प्रदेश-बिहारच्या कामगारांना घरून फोन सुरू होतात आणि दोन दिवसांत मागावरची माणसं कमी दिसायला लागतात. एका मागमालकाने याचा हिशेब थेट मांडला: “दंगा नंतर होतो, ताई. त्याआधी माझे कारागीर गावी गेलेले असतात.”

सगळ्यात मोलाची खूण एका किराणा दुकानदाराने दिली. तेलुगू पद्मशाली, आजोबा इथे मागावर आलेले, याचं गिऱ्हाईक अर्ध्याहून जास्त मुसलमान. मी त्याला विश्वासाबद्दल विचारलं तर त्याने गल्ल्याखालून उधारीची वही काढली. मागच्या गणपतीत दोन दिवस गडबड होती. त्या दोन दिवसांत वहीत एकही नवी नोंद नव्हती, सगळं रोख. तिसऱ्या दिवशी पहिली उधारी, पाव किलो साखर. नाव आपल्या अंगठ्याखाली झाकून त्याने मला तारीख दाखवली. नंतर आम्ही आणखी चार दुकानदारांना त्यांच्या वह्यांत तारखा बघायला सांगितलं, नावं नको, आकडे नको, फक्त उधारी कधी थांबली आणि कधी सुरू झाली. जिथे गल्लीची समिती खरी चालत होती तिथे खंड दोन-तीन दिवसांचा होता. जिथे ती फक्त रजिस्टरात होती तिथल्या एका दुकानात आठवडा उलटला तरी रोखीचाच व्यवहार होता. पाच दुकानांवरून सिद्धांत मांडता येत नाही, मला माहीत आहे. पण विश्वासाच्या त्या पाहणीपेक्षा या वह्यांवर मी जास्त भरवसा ठेवीन.

आता श्रेयाचं. रमजानच्या एका संध्याकाळी दोन मोटरसायकलींचा धक्का लागला, मारामारी झाली आणि एका पोराचं डोकं फुटलं. काही मिनिटांत मोबाइलवर आलं की ‘अपने लड़के को काट डाला’. जमाव जमला आणि पांगला, दगड पडला नाही. कार्यक्रमाच्या अहवालात ही घटना ‘टाळलेली दंगल’ म्हणून होती. आम्ही ती तीन बाजूंनी विचारली. समितीच्या सदस्याने सांगितलं, मी हॉस्पिटलात गेलो, मुलाला तीन टाके होते, त्याचाच आवाज रेकॉर्ड करून सगळीकडे पाठवला. पोलीस म्हणाले, आमची गाडी आधी पोचली होती. शेजारच्या बायका म्हणाल्या, ते सगळं नंतर. मुलाची आई गॅलरीतून ओरडली की माझा पोरगा जिवंत आहे, घरी जा, आणि तिच्या आवाजाने लोक थबकले. तिन्ही गोष्टी खऱ्या असाव्यात. एवढंच की मुलाच्या आईला तो जिवंत असल्याचं कळलं होतं, आणि ते समितीतल्या बाईच्या फोनने कळलं होतं. ती बाई आणि ही आई वेगवेगळ्या समाजांच्या. नंबर एकमेकींकडे होता तो शिवणकामाच्या वर्गामुळे. मी ‘टाळलेली दंगल’ खोडलं. समितीचा वाटा आहे असं लिहिलं. श्रेय लिहिलं नाही. संस्थेच्या प्रमुखांना ते फार लागलं.

तेव्हापासून मी सगळीकडे एकच प्रश्न विचारत होते: काही झालं तर तुमचा पहिला फोन कुणाला जातो? तीन वर्षांपूर्वीचा आणि आताचा. काहींचा बदललेला होता: आधी भाऊ, जमातवाले, ‘अपना’ नगरसेवक, आता पलीकडच्या गल्लीतलं कुणीतरी. बहुतेकांचा बदलला नव्हता.

क्रिकेटबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. संघ मिसळून केलेले, सामने चुरशीचे, पारितोषिकं छान. सामना संपल्यावर पोरं आपापल्या गल्लीने घरी जात. एका मुलाने मला सांगितलं की संघातल्या मित्राचं घर त्याला माहीत आहे, पण तिकडे कधी गेलेला नाही. “जाऊं भी तो उसकी अम्मी क्या सोचेगी?”

दुखरी जागा वेगळीच निघाली. समित्यांमध्ये घरमालक होते, दुकानदार होते, मशिदीच्या आणि मंडळाच्या ट्रस्टींची नावं होती. खोल्यांमध्ये आठ-दहा जण मिळून राहणारे भाडेकरू कामगार एकाही समितीत नव्हते. राडा झाला की पोलीस पहिल्यांदा त्यांच्याच खोल्यांत शिरतात, आणि पळायचीही वेळ त्यांच्यावरच येते. बैठक ठेवली जायची संध्याकाळी सातला. पाळी सुटते आठला. तीन वर्षांत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, म्हणजे कुणी त्यांना विचारलंच नाही. या एका गोष्टीबद्दल मी अहवालात सौम्य शब्द वापरले नाहीत.

मसुदा सादर करायच्या दिवशी पडद्यावर आधी विश्वासाचा तक्ता आला, आणि चर्चा त्यावरच संपली. उधारीच्या वह्या परिशिष्टात गेल्या. एकूण किती दंगली टळल्या, हा आकडा देता येईल का, असं एकाने विचारलं. मी नाही म्हटलं. बैठक रात्री साडेआठला घ्या आणि प्रत्येक समितीत निम्मे भाडेकरू घ्या, ही शिफारस मान्य झाली. पुढचा टप्पा मात्र दुसऱ्या जिल्ह्यासाठी मंजूर झाला.

त्या एकाच वळणाच्या सह्यांच्या वस्तीतल्या कार्यकर्तीचं काम मार्चअखेर संपलं. तिचा मोबाइल नंबर तोच आहे आणि फोन अजून येतात. मागच्या महिन्यातला नळाच्या रांगेवरून होता, दोन गल्ल्यांचा. ती गेली, मिटवून आली. रिक्षाचे साठ रुपये तिने स्वतःच्या खिशातून घातले.