प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावरची वर्षे

१८९७ या एका वर्षातील दोन तारखा मी दरवर्षी इतिहासाच्या तासाला फळ्यावर शेजारी-शेजारी लिहितो. १० जानेवारीला मुंबईत वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःच्याच शरीरात टोचून घेतली. १० मार्चला पुण्यात क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांचे प्लेगने निधन झाले. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणले होते आणि त्याच सेवेत त्यांना संसर्ग झाला.

“सर, लस जानेवारीत तयार होती, तर सावित्रीमाई मार्चमध्ये कशा गेल्या?” असा प्रश्न कोणी ना कोणी विद्यार्थी विचारतोच. लस केव्हा शोधली जाते, ती लोकांपर्यंत केव्हा पोहोचते आणि ती शोधणारा माणूस मुळात त्या कामापर्यंत कसा पोहोचतो, या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. प्रस्तुत लेखात यांपैकी तिसऱ्या गोष्टीचा विचार करायचा आहे. संसर्गजन्य रोगांवर संशोधन करू इच्छिणाऱ्या तरुणाला उमेदीच्या वर्षांत आर्थिक आधार कोण देतो, तो कोणत्या टप्प्यावर तुटतो आणि तो तुटल्यावर काय होते, हे आपल्या पालकांना व माजी विद्यार्थ्यांना ठाऊक असणे आवश्यक आहे. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेली मुले-मुली आता एम.एस्सी. आणि पीएच.डी.पर्यंत पोहोचू लागली आहेत. म्हणून हा प्रश्न आता आपल्या घरातला झाला आहे.

हाफकिन यांची लहानशी खोली

हाफकिन मूळचे ओडेसा येथील ज्यू. विद्यापीठातील शिक्षण उत्तम झाले, तरी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याखेरीज त्यांना अध्यापकाचे पद मिळणार नव्हते. त्यांनी धर्म बदलण्यास नकार दिला आणि देश सोडला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना प्रथम मिळाले ते साहाय्यक ग्रंथपालाचे काम. ते काम करीत असतानाच त्यांनी प्रयोगशाळेची वाट धरली आणि १८९२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, पटकीची लस तयार केली. जन्माच्या शिक्क्यामुळे पात्रता नाकारली जाणे म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरल्यावर सरकारने त्यांना पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एक लहानशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या साधनांवर त्यांनी सुमारे तीन महिन्यांत लस सिद्ध केली. यानंतर मात्र व्यवस्था उभी राहू लागली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. तीच १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. याच वास्तूत १५ नोव्हेंबर १९११ रोजी इंडियन रिसर्च फंड असोसिएशन या संस्थेच्या नियामक मंडळाची पहिली बैठक भरली. वैद्यकीय संशोधनाला नियमित पैसा पुरविण्यासाठी स्थापन झालेली ही संस्था १९४९ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, म्हणजे आजची आयसीएमआर, झाली. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था याच परिषदेची. तिची सुरुवात १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने झाली होती. कोरोनाच्या काळात, २०२० साली, त्या विषाणूला भारतात प्रथम वेगळे करण्याचे काम याच संस्थेने केले.

एका माणसाच्या जिद्दीवर अवलंबून असलेले काम संस्थेच्या हाती गेले, की त्यात पुढची पिढी घडू शकते. परंतु संस्था उभी राहिली म्हणजे तिच्या दारातून कोणीही आत जाऊ शकतो, असे होत नाही. त्यासाठी शिडी लागते.

शिडीच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी पीएच.डी.च्या काळातील. एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-यूजीसी यांची नेट परीक्षा द्यावी लागते. तीत कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी, म्हणजे जेआरएफसाठी, निवड झाल्यास १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरानुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे वरिष्ठ अधिछात्र म्हणून ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे. महाराष्ट्रात पुण्याच्या बार्टी या संस्थेमार्फत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाने अधिछात्रवृत्ती दिली जाते. पीएच.डी. करणे म्हणजे घरचे पैसे घालून शिकत राहणे, असा समज अजूनही अनेक पालकांच्या मनात आहे. तो दूर व्हायला हवा. संशोधन हे काम आहे आणि त्याचा मोबदला मिळतो.

दुसरी पायरी पीएच.डी.नंतरची, आणि ती सर्वांत निसरडी. पदवी हाती आलेली असते, कायम नोकरी नसते, वय तिशीच्या आसपास गेलेले असते. घरची मंडळी विचारू लागतात, “अजून किती शिकणार?” नेमक्या याच टप्प्यासाठी काही योजना आहेत. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर फॅकल्टी अधिछात्रवृत्ती पाच वर्षांची असते. जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट यांनी मिळून उभारलेली इंडिया अलायन्स ही संस्था आरोग्यविषयक संशोधनासाठी नवोदितांना पाच वर्षांची अधिछात्रवृत्ती देते. या योजनांचे वैशिष्ट्य असे, की पैसा मार्गदर्शकाच्या नावे न येता तरुण संशोधकाच्या स्वतःच्या नावे येतो. विषय त्याचा, आराखडा त्याचा आणि खर्चाचा हिशोबही त्याचाच. दुसऱ्याच्या प्रकल्पावर राबणे आणि स्वतःचा प्रश्न घेऊन उभे राहणे यांतला फरक येथे पडतो.

तिसरी पायरी स्वतःची प्रयोगशाळा मांडण्याची. विद्यापीठात नेमणूक झाली, तरी उपकरणे, रसायने व साहाय्यक यांसाठी अनुदान मिळवावेच लागते. हे काम आता २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडे आहे. संपूर्ण देश आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याहूनही कमी रक्कम संशोधन व विकासावर खर्च करतो. त्यामुळे या पायरीवर स्पर्धा तीव्र असते.

जंतूंचे वेळापत्रक

संसर्गजन्य रोगांच्या बाबतीत पैशाचे सातत्य अधिकच महत्त्वाचे ठरते. प्रयोगशाळेत नेहमी वापरला जाणारा ई. कोलाय हा जंतू अनुकूल स्थितीत साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी सुमारे वीस तास लागतात. त्याची वाढ डोळ्यांना दिसायला कित्येक आठवडे जातात. त्याच्यावर काम करण्यासाठी विशेष सुरक्षित प्रयोगशाळा लागते. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. म्हणजे ज्या रोगाची आपल्याला सर्वाधिक काळजी हवी, तोच रोग संशोधकाकडून सर्वाधिक धीर मागतो. सहा महिने मानधन थांबले, तर मधल्या काळात सोडून द्यावा लागलेला प्रयोग पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो.

रोटाव्हायरसच्या लसीचे उदाहरण बोलके आहे. १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समधील डॉ. महाराज किशन भान व त्यांच्या सहकाऱ्यांना नवजात बालकांत एक विषाणू आढळला. तो बालकांच्या शरीरात होता, पण त्यांना जुलाब होत नव्हते. त्या निरीक्षणापासून सुरू झालेले काम २०१६ मध्ये राष्ट्रीय लसीकरणात भारतीय लस येण्यापर्यंत गेले. मध्ये सुमारे तीस वर्षे गेली. डॉ. भान पुढे जैवतंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत इंडिया अलायन्स उभी राहिली. आज तरुण संशोधकांसाठी त्यांच्या नावानेही एक अधिछात्रवृत्ती दिली जाते.

संशोधनाला प्रश्न कोणाच्या जगण्यातून मिळतो, यालाही महत्त्व आहे. एके काळी क्षयरुग्णाला आरोग्यधामात ठेवणे हाच उपचार मानला जाई. दाटीवाटीच्या घरांत राहणाऱ्या गरिबाने काय करायचे? १९५६ मध्ये मद्रास येथे या प्रश्नावर शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू झाला आणि घरी राहून घेतलेले औषध आरोग्यधामातील उपचाराइतकेच गुणकारी ठरते, हे १९५९ मध्ये जगापुढे आले. त्या निष्कर्षाने जगभरातील क्षयोपचाराची दिशा बदलली. वस्तीतला प्रश्न प्रयोगशाळेत पोहोचला म्हणून हे घडले. वस्तीतली मुलगीच प्रयोगशाळेत पोहोचली, तर असे किती प्रश्न तिच्यासोबत आत जातील!

बाबासाहेबांचा अनुभव आणि त्यांची मागणी

शिष्यवृत्ती मध्येच संपणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी स्वतः भोगले. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून लंडनला पोहोचले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून साठवलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. तीन वर्षांचा हा खंड त्यांच्यासारख्या महापुरुषाला भरून काढता आला. प्रत्येक विद्यार्थ्याकडून तशी अपेक्षा करणे न्याय्य नाही.

म्हणूनच व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर, ऑक्टोबर १९४२ मधील आपल्या निवेदनात, त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी देशात दरवर्षी दोन लाख आणि परदेशी शिक्षणासाठी एक लाख रुपयांची मागणी केली. केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या समाजाचे भागणार नाही, अशी त्यांची धारणा होती. स्वतः कायद्याचे आणि अर्थशास्त्राचे पंडित असलेल्या माणसाने हे सांगितले, हे विसरता येत नाही. १९४४ मध्ये सुरू झालेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर आपल्यापैकी बहुतेकांचे शिक्षण झाले आहे, माझेही झाले.

आपण काय करू शकतो

आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी क्षयावर संशोधन करते. आईवडील ऊसतोड कामगार, आजोबा क्षयानेच गेलेले. तिची अधिछात्रवृत्ती मंजूर झाली होती, पण पैसे नऊ महिने आले नाहीत. त्या काळात तिने संध्याकाळी शिकवण्या घेतल्या आणि रात्री प्रयोगशाळा सांभाळली. एके दिवशी तिचे वडील मला भेटायला आले आणि म्हणाले, “सर, पोरीला परत बोलावू का? उचल घेऊन किती दिवस पाठवू?” मी त्यांना थांबायला सांगितले. पण माझ्याजवळ शब्दांखेरीज काही नव्हते, याची लाज मला आजही वाटते. ती टिकली. ज्या टिकल्या नाहीत, त्यांची नावे कोणत्याही स्मरणिकेत छापली जात नाहीत.

शासनाने अधिछात्रवृत्ती दरमहा वेळेवर द्यावी, हा आपला हक्क आहे आणि तो मागत राहिलेच पाहिजे. त्याचबरोबर दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. पालकांनी जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि आवश्यक तेथे उत्पन्नाचा दाखला बारावीपासूनच तयार ठेवावा. कागदाअभावी हातची अधिछात्रवृत्ती जाऊ देऊ नये. मुलीच्या संशोधनाची वर्षे ही तिच्या लग्नाच्या वाटेतली अडचण समजू नये.

माजी विद्यार्थ्यांनी एक लहानसा निधी उभारावा. तो देणगी म्हणून वाटू नये. अधिछात्रवृत्ती मंजूर झालेल्या, पण पैसे न मिळालेल्या विद्यार्थ्याला दरमहा बिनव्याजी रक्कम द्यावी आणि थकबाकी हाती येताच ती त्याने परत करावी. म्हणजे तोच पैसा पुढच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडेल. नवल भथेनांनी एका मित्रासाठी जे केले, ते आपण शेकडो जण मिळून आपल्या मुलांसाठी नक्कीच करू शकतो. ही स्मरणिका प्रकाशित होईल त्या दिवशी माझा पहिला हप्ता मी मुख्याध्यापकांकडे जमा करीन.

पुढच्या वर्षीही मी त्या दोन तारखा फळ्यावर लिहीन. सावित्रीमाईंच्या पाठीवर होते ते आपल्याच वस्तीतले लेकरू. त्या वस्तीतल्या आजच्या लेकरांना प्रयोगशाळेच्या दारापर्यंत नेणे आणि पैशाअभावी तेथून माघारी फिरू न देणे, हे त्यांचे ऋण फेडण्याचे काम आता आपले आहे.