पेणचा संघ कोणाशी खेळतो?

रोह्याच्या चढाईपटूने पेणच्या बचावफळीत शिरून गडी टिपला, तर रायगडात त्याचे कुणाला नवल वाटत नाही. दोन्ही तालुक्यांत गावोगाव कबड्डीची मंडळे आहेत, आणि रेल्वेने पेणहून रोह्याला जायचे तर मध्ये कासू, नागोठणे, निडी एवढीच स्थानके लागतात. हाच सामना महाविद्यालयांच्या नावाने व्हायचा म्हटला, की गोष्ट वेगळी होते. पेणचे भाऊसाहेब नेने महाविद्यालय आणि रोह्याचे डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या नावाचे महाविद्यालय यंदा एकमेकांसमोर येणार का, याच्याशी शेजारधर्माचा काही संबंध नाही. विद्यापीठाने आखलेला विभाग आणि त्या विभागाची भाग्यपत्रिका (सामन्यांचा ड्रॉ), या दोहोंच्या हातात ते असते.

मुंबई विद्यापीठ 1857 चे. त्याचा पसारा कुलाब्यापासून थेट सिंधुदुर्गाच्या टोकापर्यंत: मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. इतक्या महाविद्यालयांना एकाच मैदानावर बोलावणे शक्य नाही, म्हणून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आधी विभागवार होतात आणि विभागांत पुढे आलेले संघ मग आंतरविभागीय फेरीत भेटतात. बोलताना सगळे ‘झोन’च म्हणतात. पेण-रोहा कोकण झोनमध्ये, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या सोबत.

कागदावर हे सरळ दिसते, पण नकाशा समोर धरला की गंमत कळते. पेणहून मुंबई शंभर किलोमीटरच्या आत आहे. कोकण रेल्वेची हद्द रोह्यापासून सुरू होते आणि तिथून सावंतवाडी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडते. म्हणजे पेणच्या पोराला ज्या शहरात पुढे नोकरी शोधायची, तिथले संघ परक्या झोनमध्ये; आणि जिथे आयुष्यात एखाद्या वेळी देवदर्शनाला जाईल, तिथले संघ आपल्या झोनमध्ये. स्पर्धेचे यजमानपद खालच्या टोकाला गेले, तर अर्ध्या तासाच्या खेळासाठी रात्रभराचा प्रवास ठरलेला. बारा खेळाडूंचे तिकीट, जेवण आणि मुक्काम हे सगळे जिमखान्याच्या खर्चातून भागवायचे असते. संघ पाठवावा की नाही, हा निर्णय कित्येकदा इथेच होऊन जातो.

त्यात स्पर्धा बहुधा बाद पद्धतीची. भाग्यपत्रिकेत पहिल्याच फेरीत दांडगा संघ वाट्याला आला, की वर्षभराचा सराव एका सकाळी आटोपतो. नशीब असेल तर समोरचा संघ येतच नाही आणि पुढे चाल मिळते. कबड्डी खेळायला आलेला संघ न खेळताच दुसऱ्या फेरीत!

अमेरिकेत हीच व्यवस्था उलट्या पायावर उभी आहे. तिथली महाविद्यालयीन क्रीडा संघटना, एनसीएए, 1906 मध्ये स्थापन झाली. 1973 पासून तिने महाविद्यालयांच्या तीन श्रेणी केल्या. पहिल्या श्रेणीत बडी, खेळावर पैसा ओतणारी विद्यापीठे. तिसऱ्या श्रेणीत खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती देताच येत नाही. तिथल्या श्रेणीचा मैदानावरच्या हारजितीशी संबंध नसतो, सामना हरला म्हणून कुणी खाली घसरत नाही. संस्था खेळावर किती खर्च करते आणि किती खेळ चालवते, यावर ती ठरते. श्रेणीच्या आत पुन्हा ‘कॉन्फरन्स’ असतात. दहाबारा किंवा त्याहून अधिक विद्यापीठे स्वतःहून एकत्र येतात, आपसांत वर्षभर साखळी सामने खेळतात आणि दूरदर्शन हक्कांचे पैसे वाटून घेतात. ‘बिग टेन’ ही त्यांतली जुनी, 1896 ची. मुळात या जोड्याही शेजाराच्याच होत्या. पण पैशापुढे भूगोल टिकला नाही. 2024 मध्ये प्रशांत महासागराच्या काठावरची स्टॅनफर्ड आणि बर्कली ही दोन विद्यापीठे अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये दाखल झाली. सावंतवाडीचा प्रवास त्यापुढे काहीच नाही.

तरी एक फरक मला मोठा वाटतो. तिथल्या दुय्यम महाविद्यालयालाही आपला हंगाम असतो: ठरलेले प्रतिस्पर्धी, ठरलेल्या तारखा, हरल्यावर पुढच्या आठवड्यात पुन्हा मैदान. आपल्याकडे आहे ती चाळणी. झोनमधून आंतरविभागीय, तिथून निवड समितीच्या नजरेत भरलेले खेळाडू सराव शिबिराला, आणि त्यांतून विद्यापीठाचा संघ. महाविद्यालयाचा संघ इथे संपतो. पुढे कुलपती म्हणजे राज्यपालांच्या कार्यालयाच्या पुढाकाराने चालणारा ‘अश्वमेध’ हा राज्यातल्या विद्यापीठांचा क्रीडा महोत्सव असो, किंवा भारतीय विद्यापीठ संघाच्या स्पर्धा असोत, पेणचा मुलगा मुंबई विद्यापीठाच्या बनियनवर उतरतो.

हा भारतीय विद्यापीठ संघ 1925 चा, आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून सुरू झालेला. त्याने देशाचे उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम असे चार भाग केले आहेत. सांघिक खेळांत प्रत्येक भागातले पहिले चार संघ अखिल भारतीय फेरीत जातात. पश्चिम विभागात आपली गाठ गुजरात, राजस्थानच्या विद्यापीठांशीही पडते. खेळांत सर्वोत्तम ठरलेल्या विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद चषक मिळतो, आणि तोही विद्यापीठाच्या नावावर. रोह्याच्या मैदानाचा उल्लेख त्यात कुठे येण्याचा प्रश्न नाही.

पुन्हा सगळे विद्यार्थी या एकाच चाळणीत पडतात असेही नाही. अकरावी-बारावीचा मुलगा त्याच इमारतीत शिकतो, त्याच मैदानावर दम घुमवतो, पण खेळतो शालेय स्पर्धांत, एकोणीस वर्षांखालच्या गटात. तिथली उतरंड जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांची: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. पेण आणि रोहा तिथे वेगळे तालुके, त्यामुळे गाठ जिल्ह्यावरच पडणार. बारावी झाली आणि तो प्रथम वर्षाला बसला, की सगळा नकाशा बदलतो. त्याचा वर्गमित्र लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात इंजिनिअरिंगला गेला असेल, तर तो आणखी तिसऱ्याच झाडावर. लोणेरे रायगडातच, माणगावजवळ. पण ते स्वतंत्र विद्यापीठ. मंडळात डावा-उजवा कोपरा सांभाळणारे दोन जिवलग महाविद्यालयीन कबड्डीत एका संघात येणार नाहीत, फार तर ‘अश्वमेध’मध्ये किंवा पश्चिम विभागाच्या स्पर्धेत आमनेसामने येतील.

स्पर्धेच्या दिवशी या सगळ्या व्यवस्थेचे दर्शन मैदानाआधी टेबलावर होते. पात्रतेचा तक्ता, ओळखपत्र, बारावीची गुणपत्रिका, प्राचार्यांची सही. फोटोवर शिक्का असा हवा, की अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर. बाजूला वजनकाटा. कबड्डीच्या खुल्या गटात पुरुषांना 85 किलोची मर्यादा असते, आणि पाव किलो जास्त भरलेला मध्यरक्षक स्वेटर चढवून मैदानाला फेऱ्या मारत असतो. शारीरिक शिक्षण संचालक, म्हणजे मुलांचे ‘स्पोर्ट्सचे सर’, त्या दिवशी प्रशिक्षक कमी आणि कारकून जास्त असतात. एखादी सही राहिली तर सर्वांत चांगला चढाईपटू बाकावर.

एवढे करून मुले का येतात? परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि विद्यापीठाचा रंग अंगावर चढला तर बँका, पोलीस, रेल्वे यांच्या संघांकडे पाहता येते. खेळायची भूक भागते ती मात्र गावातल्या रात्रीच्या सामन्यांत. दिव्यांच्या झोतात, मातीवर, देवाच्या नावाच्या मंडळाकडून. तिथे आठवड्याला दोन स्पर्धा झाल्या तरी कुणाला अर्ज भरावा लागत नाही.

माझ्या मते झोन मोडायची गरज नाही. त्याच्या आधी पेण, रोहा, अलिबाग, माणगाव, महाड इथल्या महाविद्यालयांनी आपसांत साखळी खेळावी: मुलांची आणि मुलींचीही, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा. सकाळच्या एसटीने निघून संध्याकाळी घरी परतता येईल एवढीच अंतरे आहेत. अडचण वेळापत्रकाची आहे. सप्टेंबरपर्यंत मैदानात चिखल, ऑक्टोबर-नोव्हेंबरात सत्र परीक्षा, आणि याच महिन्यांत झोनचे सामने. मोकळा राहतो तो जानेवारी-फेब्रुवारी, आणि तेव्हा पंच गावोगावच्या रात्रीच्या स्पर्धांत गुंतलेले असतात. दुपारी दोन वाजता मानधनावर येणारे चार पंच मिळाले, तर पहिला सामना पेण-रोहा लावायला हरकत नाही.