सय्यद, जी. एम्.

(१७ जानेवारी १९०४–२५ एप्रिल १९९५). सिंध प्रांतातील एक प्रभावी राजकीय नेते व सिंधी राष्ट्रवादाचे प्रवर्तक. पूर्ण नाव गुलाम मुर्तझा शाह सय्यद. सिंधू नदीकाठच्या सन या गावी एका सूफी परंपरेच्या जमीनदार सय्यद घराण्यात त्यांचा जन्म झाला. बालपणीच पितृछत्र हरपल्याने त्यांचे शिक्षण घरीच झाले. १९२० मध्ये खिलाफत चळवळीतून त्यांनी सार्वजनिक जीवनात प्रवेश केला. पुढे ते कराची जिल्हा लोकल बोर्डाचे अध्यक्ष झाले. स्वतः जमीनदार असूनही हारी म्हणजे कुळे यांच्या हितासाठी १९३० मध्ये निघालेल्या हारी समितीच्या संस्थापकांत ते होते.

सिंध १८४७ पासून मुंबई इलाख्यास जोडलेला होता. १ एप्रिल १९३६ रोजी तो स्वतंत्र प्रांत झाला आणि १९३७ मध्ये सय्यद नव्या विधानसभेवर निवडून आले. १९३८ मध्ये ते मुस्लिम लीगमध्ये गेले. सक्खर येथील मंझिलगाह ही सरकारी वास्तू मशीद म्हणून मुसलमानांच्या ताब्यात द्यावी, या मागणीसाठी १९३९ मध्ये झालेल्या आंदोलनात ते अग्रभागी होते. त्यातून उसळलेल्या दंगलीत अनेक हिंदू मारले गेले व अल्लाबक्ष सुम्रो यांचे मंत्रिमंडळ कोसळले. त्यांच्या कारकीर्दीतील हा सर्वांत डागाळलेला अध्याय होय. पुढे त्यांनी स्वतःही त्याबद्दल खेद व्यक्त केला. १९४०-४१ मधील मंत्रिमंडळात ते शिक्षणमंत्री होते. त्यानंतर मंत्रिपद त्यांच्या वाट्याला आले नाही. १९४३ मध्ये ते प्रांतिक लीगचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी ३ मार्च रोजी सिंध विधानसभेत त्यांनी पाकिस्तानच्या मागणीचा ठराव मांडला व तो संमत झाला.

या ठरावामागील त्यांची भूमिका मात्र लीगच्या मध्यवर्ती नेतृत्वाहून वेगळी होती. लाहोर येथील १९४० च्या ठरावात घटक प्रदेश स्वायत्त व सार्वभौम असतील असे म्हटले होते. सय्यद यांनी ते शब्दशः घेतले. जिनांना अभिप्रेत होते बलिष्ठ केंद्र. निवडणुकीतील उमेदवारीचे निमित्त होऊन हा मतभेद उघड झाला व १९४६ च्या प्रारंभी सय्यद यांना लीगमधून काढून टाकण्यात आले. त्या निवडणुकीनंतर त्यांनी आपल्या लहानशा गटासह काँग्रेसशी आघाडी केली. तथापि गव्हर्नरने लीगचे नेते गुलाम हुसेन हिदायतुल्ला यांनाच पाचारण केले. डिसेंबर १९४६ मधील फेरनिवडणुकीत सय्यद पराभूत झाले. अशा रीतीने ज्या राज्याचा ठराव त्यांनी मांडला, ते अस्तित्वात आले तेव्हा ते विरोधकांत होते.

फाळणीनंतर हिंदूंचे स्थलांतर, भारतातून आलेले उर्दूभाषक निर्वासित आणि १९४८ मध्ये सिंधपासून तोडलेले कराची यांमुळे त्यांची भीती दृढ झाली. १९५५ मध्ये पश्चिम पाकिस्तानातील प्रांत विलीन करून एकच प्रांत निर्माण करण्यात आला, तेव्हा त्यांनी त्यास कडवा विरोध केला. नॅशनल अवामी पक्षाच्या स्थापनेत (१९५७) त्यांचा सहभाग होता. त्याच वर्षी पश्चिम पाकिस्तान विधानसभेने ही योजना मोडण्याचा ठराव संमत केला. परंतु १९५८ च्या लष्करी राजवटीने तो निष्फळ ठरविला व सय्यद यांना १९६६ पर्यंत स्थानबद्ध ठेवले. सिंध पुन्हा प्रांत झाला तो १९७० मध्ये. त्या वर्षीच्या निवडणुकीत सिंधी मतदार सय्यद यांच्याऐवजी झुल्फिकार अली भुट्टो यांच्या मागे गेले.

यानंतर त्यांनी जिये सिंध चळवळ उभारली (१९७२) आणि लवकरच ‘सिंधुदेश’ या स्वतंत्र राज्याची मागणी केली. विद्यार्थ्यांत तिला मोठा प्रतिसाद मिळाला. मतपेटीतून तो कधीच दिसला नाही. १९८३ मध्ये लष्करशाहीविरुद्ध ग्रामीण सिंध पेटला असता, ते आंदोलन भुट्टोंच्या पक्षाला सत्तेवर आणण्यासाठी आहे असे मानून सय्यद अलिप्त राहिले. जनरल झिया यांनी त्यांच्याशी सौजन्य राखले, ही गोष्ट अनेक सिंधींना रुचली नाही. १९८७ मध्ये त्यांनी भारतास भेट दिली.

सय्यद यांनी सिंधीत विपुल लेखन केले. शाह अब्दुल लतीफ यांच्या काव्याची राष्ट्रीय अंगाने त्यांनी केलेली मांडणी लक्षणीय आहे. सर्व धर्मांकडे सूफी दृष्टीने पाहणाऱ्या *जीअं डिठो आहे मूं* (१९६७) या ग्रंथामुळे धर्मपंडितांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. आयुष्याची सुमारे तीन दशके त्यांनी तुरुंगात वा नजरकैदेत काढली. १९९२ मध्ये त्यांना पुन्हा स्थानबद्ध करण्यात आले व त्याच स्थितीत कराची येथे त्यांचे निधन झाले.