ऐकून धंदा शिकता येतो का?

कोणता माल काढायचा, कोणासाठी, आणि त्यात आधी काय सुधारायचे, हे ठरविण्याच्या कामाला प्रॉडक्ट मॅनेजमेंट म्हणतात. पुष्कळ तरुण ते पॉडकास्ट, म्हणजे हवे तेव्हा लावता येणारी ध्वनिमुद्रित भाषणे, ऐकून शिकू पाहतात. नुसते ऐकून ही विद्या येते काय?

१९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालविली. अर्ध्या तासाचा कार्यक्रम, आठवड्यातून दोनदा. तो संपला की चर्चा. पाहणीत दिसले, मंडळांच्या गावी लोकांची माहिती पुष्कळ वाढली. नुसता रेडिओ होता तेथे फारच थोडी. कार्यक्रम तोच बरं का!

तेव्हा गूळ विकणाऱ्या पोराने ‘गिऱ्हाइकाला विचारा’ एवढे ऐकले, की पॉडकास्ट तिथेच थांबवावा. बाजारात जाऊन विचारावे, “मागची ढेप कशी निघाली हो?” “पावसाळ्यात पाघळली,” हे उत्तर झोंबेल, तरी संध्याकाळी चौघांत सांगावे. पुढचा भाग त्यानंतर.