गीझरचा नॉब आणि फुटबॉलचा मालक

शनिवारी रात्री आमच्या विंगमध्ये एका लॅपटॉपभोवती दहा-बारा डोकी जमतात. निम्मं पब्लिक मँचेस्टर युनायटेडचं, उरलेलं लिव्हरपूल आणि आर्सेनलमध्ये वाटलेलं. फर्स्ट इयरला आलो तेव्हा एकानं विचारलं, "गाव कुठलं रे?" म्हटलं, पुणे. "मग तुझी टीम ठरलेलीच आहे. ब्लॅकबर्न रोव्हर्स!" सगळे खो खो हसले. मला जोक कळायलाच दोन दिवस लागले. इंग्लंडमधला हा क्लब २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहानं विकत घेतला होता. होय, तेच चिकनवाले! चिडवतायत म्हणून वाचायला घेतलं आणि हळूहळू खरंच अडकलो. आता रोव्हर्स हरले की माझा रविवार खराब जातो.

तिथल्या फॅन्सचा मालकांवर किती राग आहे हे वाचून माझ्या रूममेटनं एक साधा प्रश्न टाकला. "पैसा त्यांचा, क्लब त्यांचा. पब्लिकचं काय जातं?" प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी थोडा इतिहास. ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधलं जुनं कापडगिरण्यांचं शहर, म्हणजे त्यांचं इचलकरंजीच म्हणा. क्लब १८७५ चा. १८८८ मध्ये इंग्लंडात फुटबॉल लीग सुरू झाली, तिच्या बारा संस्थापक क्लबांपैकी हा एक. पुढे जॅक वॉकर नावाच्या पोलादाच्या व्यापाऱ्यानं क्लबमध्ये भरपूर पैसा ओतला. हा माणूस ब्लॅकबर्नचाच, लहानपणापासूनचा फॅन. केनी डॅल्ग्लिश मॅनेजर म्हणून आला, अ‍ॅलन शियरर खेळायला आला आणि १९९५ मध्ये ह्या छोट्या शहरानं चक्क प्रीमियर लीग जिंकली. २००० मध्ये वॉकर वारला. आज इवुड पार्क ह्या मैदानाबाहेर त्याचा पुतळा आहे. म्हणजे फॅन्सना श्रीमंत मालकाचं वावडं मुळीच नाही, हे लक्षात घ्या.

नोव्हेंबर २०१० मध्ये वॉकरच्या ट्रस्टकडून वेंकीजनं सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना क्लब घेतला. महिनासुद्धा उलटला नव्हता, तोच १३ डिसेंबरला मॅनेजर सॅम अलर्डाइस ह्यांना काढलं. टीम तेव्हा तेराव्या नंबरवर होती. वीस टीमच्या लीगमध्ये, लहान बजेटवर, तेरावा नंबर म्हणजे काही वाईट नाही. त्यांच्या जागी आले स्टीव्ह कीन. ते टीमचे कोच होते, पण मॅनेजर म्हणून हे त्यांचं पहिलंच काम. इकडे पेपरात रोनाल्डिन्योचं नाव गाजत होतं, तिकडे टीम खाली घसरत होती. ७ मे २०१२ ला घरच्याच मैदानावर विगनकडून ०-१ हरून रोव्हर्स प्रीमियर लीगमधून बाहेर पडले. सलग अकरा सीझन टिकलेला क्लब! त्या मॅचमध्ये कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. जगभर लोक हसले. पण ती कोंबडी म्हणजे त्या फॅन्सचं निवेदन होतं. दुसरीकडे कुठे अर्ज करायची सोयच नव्हती त्यांना.

आता थोडं इंजिनिअरिंग. आमच्या हॉस्टेलमध्ये गीझर एका टोकाला आणि शेवटची बाथरूम दुसऱ्या टोकाला. नॉब फिरवला तरी गरम पाणी पोचायला अर्धा मिनिट जातो. नवीन पोरगा काय करतो? गार पाणी येतंय म्हणून नॉब अजून फिरवतो, मग अजून. अर्ध्या मिनिटानं उकळतं पाणी पाठीवर! बोंब मारत तो नॉब उलटा फिरवतो, की पुन्हा बर्फ. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात आपण हेच लिहितो. सिस्टिममध्ये डिले मोठा असेल आणि कंट्रोलरचा गेनही मोठा असेल, तर आउटपुट स्थिर होत नाही, हेलकावे खात राहतं. पाइप बदलता येत नसेल तर नॉब हळू फिरवा, एवढाच उपाय.

फुटबॉल क्लबमधला डिले तर प्रचंड असतो. खेळाडू विकत घ्यायच्या खिडक्या वर्षातून दोनदाच उघडतात, उन्हाळ्यात आणि जानेवारीत. नव्या मॅनेजरला हवी तशी टीम बांधायला वर्षभर तरी लागतं. शिवाय मोजमापातच नॉइज जबरदस्त. एका मॅचमध्ये साधारण तीनच गोल होतात, त्यामुळे पोस्टला लागून परत आलेला एक बॉल अख्खा निकाल फिरवतो. पाच मॅचवरून मॅनेजरची लायकी ठरवणं म्हणजे एका युनिट टेस्टवरून डिग्री देण्यासारखं आहे. ह्यावर मालक दर आठवड्याला नॉब फिरवायला लागला की काय होणार, सांगायला नको.

ब्लॅकबर्नमध्ये नेमकं तेच झालं. २०१२-१३ चा सीझन बघा. सप्टेंबरात कीन ह्यांनी राजीनामा दिला. मग हेनिंग बर्ग आले, ५७ दिवसांत गेले. मग मायकेल अ‍ॅपलटन, ६७ दिवस. बर्ग ह्यांना भरपाई म्हणून साडेबावीस लाख पौंड द्यायचा आदेश कोर्टानं दिला. २०१७ मध्ये क्लब आणखी एक पायरी घसरून तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबवर ही पाळी पहिल्यांदाच आली होती. गंमत म्हणजे तिथून वर काढलं ते टोनी मोब्रे ह्यांनी. टीम त्यांच्या हाताखाली खाली गेली तरी त्यांना ठेवलं, आणि पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, त्यांनी ती वर आणली. नॉब एकदा तरी जागेवर राहिला होता!

पण नॉबला हात न लावणं वेगळं आणि बाथरूममध्येच नसणं वेगळं. ३१ जानेवारी २०२३ ला लुइस ओब्रायन ह्या खेळाडूचे कागद वेळेत पोचले नाहीत म्हणून लीगनं त्याची नोंदणी नाकारली. त्या सीझनमध्ये रोव्हर्सचे आणि सहाव्या नंबरच्या सन्डरलंडचे पॉइंट सारखेच होते. गोलफरकामुळे रोव्हर्स सातवे आले आणि प्लेऑफ हुकला. सबमिशनची डेडलाइन चुकली की काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

मालकांची बाजूही सांगितली पाहिजे. क्लब वर्षानुवर्षं तोट्यात असताना त्यांनी २० कोटी पौंडांच्या घरात पैसा घातला. तो नसता तर कदाचित क्लबच उरला नसता, आणि हे तिथले समजूतदार फॅन्सही मान्य करतात. मग राग कशाचा? मेसचं जेवण बिघडलं तर आपण बाहेर खानावळ लावतो, आणि मेसवाला ताळ्यावर येतो. फॅनला हा पर्याय नाही. आजोबांपासून रोव्हर्सचं घर असलेला माणूस शेजारच्या बर्नलीचं तिकीट काढेल का? मेला तरी नाही! आणि चिडून घरी बसला तरी मोठा पैसा टीव्हीचा आणि मालकाचा, त्यामुळे वर काही जाणवत नाही. फीडबॅकची वायरच तुटलेली. मग ओरडणं आणि कोंबडी सोडणं एवढंच हातात उरतं.

ही वायर जोडता येते. जर्मनीत '५० अधिक १' नियम आहे. थोडे अपवाद सोडले तर क्लबमधली बहुमताची मतं सभासदांकडेच राहतात, पैसेवाला कितीही मोठा असो. इंग्लंडमध्ये २०२१ च्या सुपर लीगविरुद्ध फॅन्स रस्त्यावर उतरले आणि ती योजना दोन-तीन दिवसांत कोसळली. त्यानंतर सरकारनं चौकशी बसवली आणि २०२५ मध्ये कायदा होऊन स्वतंत्र नियामक आला. मालकांची पारख करणं आणि फॅन्सचं म्हणणं क्लबांना ऐकायला लावणं हे त्याचं काम.

आणि आपण? ऑक्टोबर २०११ मध्ये रोव्हर्स बालेवाडीला येऊन पुणे एफसीला ३-० नं हरवून गेले. तो पुणे एफसी पुढे बंद पडला. नंतरचा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. दोन्ही वेळा स्टँडमधल्या पब्लिकच्या हातात काहीच नव्हतं. ब्लॅकबर्नचे लोक निदान भांडतात तरी. म्हणून रूममेटला माझं उत्तर असं, की मालक क्लब विकून मोकळा होऊ शकतो, फॅनला विकून टाकण्याची सोय नसते. जातं ते त्याचं जातं.

परवा मी आमच्या गीझरजवळ चिठ्ठी लावली: 'एकदाच फिरवा आणि तीस आकडे मोजा.' दोन दिवस सगळ्यांना नीट पाणी मिळालं. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी कुणीतरी फाडली. पुन्हा लावणार आहे.