लाहोरचा नायक, मद्रासचा खलनायक

'खानदान' नावाचे दोन चित्रपट हिंदी-उर्दू सिनेमात गाजले. पहिला १९४२चा, लाहोरच्या दलसुख पांचोलींचा. दुसरा १९६५चा, मद्रासच्या वासू फिल्म्सचा. दोन्ही कथांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण दोन्हींच्या श्रेयनामावलीत एक नाव सारखं आहे, प्राण. पहिल्यात ते नूरजहाँचे नायक होते. दुसऱ्यात सुनील दत्त-नूतनच्या भरल्या घरात फूट पाडणारे नवरंगीलाल.

यावरून कुणी म्हणेल, नायक म्हणून निभाव लागला नाही, म्हणून गडी खलनायकीकडे वळला. घडलं ते उलट. पहिला 'खानदान' धो धो चालला होता. पण झाडांभोवती फिरत गाणी म्हणणं आपल्याला रुचत नाही, असं प्राण पुढे कायम सांगत आले. नायकाची खुर्ची त्यांनी आपण होऊन सोडली आणि समोरची खुर्ची अशी काही भरून काढली, की आईबापांनी मुलाचं नाव 'प्राण' ठेवायचंच सोडून दिलं, असं गमतीने म्हटलं जाऊ लागलं.

प्राणकृष्ण सिकंद यांचा जन्म १२ फेब्रुवारी १९२०चा, जुन्या दिल्लीतल्या बल्लीमारान भागातला. मिर्झा गालिबची हवेली ज्या मोहल्ल्यात आहे, तोच हा. वडील लाला केवलकृष्ण सरकारी बांधकामांचे कंत्राटदार. रस्ते-पुलांची कामं जिकडे निघतील तिकडे बिऱ्हाड हलायचं. त्यामुळे मुलाची शाळा कधी कपूरथळ्याला, कधी उन्नावला, कधी मेरठला, कधी डेहराडूनला. मॅट्रिक झालं रामपूरच्या हमीद शाळेतून. मुलाचं गणित चांगलं होतं, पण त्याचा ओढा कॅमेऱ्याकडे. दिल्लीच्या ए. दास अँड कंपनीत तो छायाचित्रकाराची उमेदवारी करू लागला. कामानिमित्त सिमल्याला असताना तिथल्या रामलीलेत तो उभा राहिला, तोही सीता म्हणून! राम झाले होते मदन पुरी. पुढे पडद्यावर नायिकांचा थरकाप उडवणारे हे दोघं एकेकाळी राम-सीता होते, हे वाचून आज हसू येतं.

फोटोग्राफीच्या धंद्यानेच त्यांना लाहोरला नेलं. तिथे एका पानाच्या दुकानाशी उभं असताना पटकथाकार वली मोहम्मद वली यांची नजर या देखण्या, बेफिकीर तरुणावर पडली. वलींनी लिहिलेल्या 'यमला जट' (१९४०) या पंजाबी चित्रपटात प्राण पहिल्यांदा दिसले आणि दिसले ते खलनायक म्हणूनच. दिग्दर्शक मोती गिडवानी, संगीत गुलाम हैदर यांचं. त्याच चित्रपटात बेबी नूरजहाँही होती. दोनच वर्षांनी शौकत हुसैन रिझवींच्या 'खानदान'मध्ये ती प्राण यांची नायिका झाली. वय इतकं कोवळं, की उंची जुळवायला जवळच्या दृश्यांत तिला विटांवर उभं करावं लागे, असं प्राण सांगत.

फाळणीने या जोडीला विरुद्ध दिशांना धाडलं. नूरजहाँ तोवर मुंबईत स्थिरावली होती. आपल्या मास्टर विनायकांच्या 'बडी माँ'मध्ये (१९४५) तिने काम केलं, त्यात लता मंगेशकरांचीही छोटी भूमिका होती. १९४७मध्ये ती पाकिस्तानात गेली. प्राण त्याच वर्षी लाहोरहून इकडे आले. दंगलींच्या धास्तीने त्यांनी पत्नी शुक्ला आणि तान्ह्या मुलाला आधीच इंदूरला पाठवलं होतं. मुलाच्या पहिल्या वाढदिवसासाठी ऑगस्टमध्ये ते इंदूरला आले, ते परत जाण्यासाठी नव्हतंच, हे कळायला फार दिवस लागले नाहीत. १४ ऑगस्टला ते मुंबईत पोहोचले. लाहोरच्या तोऱ्यात थेट ताजमहाल हॉटेलात उतरले. काम मिळेना, तसतशी हॉटेलं स्वस्त होत गेली. वीसएक चित्रपट नावावर असलेल्या नटाला मुंबईत कुणी ओळखत नव्हतं.

लेखक सआदत हसन मंटो आणि अभिनेता श्याम यांच्या ओळखीने मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा दरवाजा उघडला आणि 'ज़िद्दी' (१९४८) मिळाला. देव आनंदला नाव मिळवून दिलं ते याच चित्रपटाने. पाठोपाठ पुण्याहून बोलावणं आलं. 'प्रभात'च्या 'अपराधी'चे (१९४९) दिग्दर्शक होते यशवंत पेठकर, नायिका मधुबाला. लाहोरच्या सिनेमात तयार झालेला नट दोन वर्षांत 'प्रभात'च्या फ्लोअरवर उभा होता.

इथून पुढे प्राण यांचं खरं कसब दिसू लागतं. त्या काळचा खलनायक डोळे वटारून आणि आवाज चढवून काम भागवायचा. प्राण यांनी दुसरी वाट धरली. प्रत्येक माणसाला ते एक सवय द्यायचे. 'बडी बहन'मध्ये (१९४९) सिगारेटच्या धुराची वलयं. 'जिस देश में गंगा बहती है'मधला (१९६०) डाकू राका पाहा. बोलता बोलता त्याचं बोट गळ्याशी जातं आणि कॉलरच्या आतून फिरतं, जणू कपडा काचतोय. जन्मभर डाके घातलेल्या माणसाला फासाचा दोर सतत मानेभोवती जाणवतोय, हे त्या बोटाने सांगितलं. त्यासाठी वेगळा संवाद लागला नाही. रंगभूषेतही तेच. भूमिका हाती आली की ते चेहऱ्याची रेखाटनं करून घेत आणि दिग्दर्शकापुढे ठेवत. १९६५च्या 'खानदान'मधल्या नवरंगीलालच्या केसांत आणि मिशीत त्यांनी हिटलर आणला. 'जुगनू'साठी (१९७३) शेख मुजीबुर रहमान यांचा चेहरा घेतला.

या कसबाला मद्रासने मोठं मैदान दिलं. शोळिंगनल्लूरसारख्या आयटी कंपन्यांच्या पट्ट्यात नोकरीला आलेल्या मराठी माणसाला चेन्नई म्हणजे रजनीकांत आणि फार तर ए. आर. रहमान. पण याच शहराच्या वडपळणी-कोडंबाक्कम भागातल्या स्टुडिओंनी कित्येक वर्षं हिंदी प्रेक्षकाला पोसलं. वडपळणीला गेलं, तर वाहिनी स्टुडिओच्या जागेवर आता विजया हॉस्पिटल आणि मॉल दिसतो. तिथे एकेकाळी आशियातल्या मोठ्या स्टुडिओंपैकी एक होता. तमिळ किंवा तेलुगूत चाललेली गोष्ट घ्यायची, पटकथा आधी बांधून ठेवायची, तारखा ठरवून चित्रीकरण उरकायचं, अशी तिथली शिस्त. मुंबईच्या विस्कळीत कारभाराला सरावलेल्या नटांना ती नवी होती. वक्तशीर प्राण यांना ती मानवली.

एव्हीएमचा 'बहार' (१९५१), एस. एस. वासन यांच्या जेमिनीचा 'राज तिलक' (१९५८), दिग्दर्शक भीमसिंग यांचा 'खानदान' असे त्यांचे मद्रासचे चित्रपट सांगता येतील. कोइंबतूरला पक्षिराजा स्टुडिओने केलेला 'आज़ाद' (१९५५) दक्षिणेतलाच. त्याचं संगीत आपल्या सी. रामचंद्रांचं. या सगळ्यांत वरचढ ठरला बी. नागी रेड्डींचा 'राम और श्याम' (१९६७). त्यात दुबळ्या रामला, म्हणजे दिलीपकुमारला, चाबकाने फोडून काढणारा गजेंद्र प्राण यांनी केला. याच गोष्टीच्या तमिळ 'एंगा वीट्टु पिळ्ळै'मध्ये एम. जी. आर.समोर तीच भूमिका एम. एन. नंबियार यांची होती. दोघांत वर्षाचं अंतर. नंबियार १९१९चे, प्राण १९२०चे. पडद्यावर दोघंही बायाबापड्यांना धडकी भरवणारे. घरी मात्र नंबियार शबरीमलेच्या यात्रेकरूंचे आदरणीय गुरुस्वामी आणि प्राण उर्दू शेरोशायरीत रमणारे, फुटबॉलवेडे कुटुंबवत्सल गृहस्थ.

'राम और श्याम' आला, त्याच वर्षी मनोजकुमारने 'उपकार'मध्ये प्राण यांच्या हाती कुबडी दिली. लंगडा, तोंडाळ, पण मनाने सोन्यासारखा मलंग चाचा लोकांनी डोक्यावर घेतला. फिल्मफेअर मिळालं. दुसरं फिल्मफेअर मिळालं 'आँसू बन गए फूल'साठी (१९६९). हा चित्रपट वसंत कानेटकरांच्या 'अश्रूंची झाली फुले'वरचा. प्रभाकर पणशीकर आणि काशिनाथ घाणेकरांनी गाजवलेल्या त्या नाटकाच्या हिंदी रूपात शंभू महादेव प्राण यांच्या वाट्याला आला. कथेसाठी कानेटकरांनाही फिल्मफेअर मिळालं.

तिसरं मात्र त्यांनी घेतलं नाही. 'बेईमान'साठी (१९७२) सहायक अभिनेत्याचा पुरस्कार जाहीर झाला. पण त्याच वर्षी 'पाकीज़ा'च्या संगीतासाठी दिवंगत गुलाम मोहम्मद यांना डावलून तो 'बेईमान'च्याच शंकर-जयकिशनना दिला गेला होता. स्वतःच्या चित्रपटाला मिळालेला मान अन्यायाचा आहे, असं सांगून प्राण यांनी आपला पुरस्कार नाकारला.

'ज़ंजीर'साठी (१९७३) अमिताभ बच्चन यांचं नाव प्रकाश मेहरांना सुचवणाऱ्यांत प्राण होते. त्यातला शेरखान पोलीस ठाण्यात येतो, खुर्चीवर टेकू पाहतो आणि तरुण इन्स्पेक्टर ती लाथेने उडवतो. हे दृश्य अमिताभचं म्हणून ओळखलं जातं. पण ते उभं राहतं समोरच्याच्या वजनावर. मेंदी लावलेल्या दाढीचा तो पठाण एक क्षण थिजतो आणि अपमान गिळताना समोरच्याला जोखूनही घेतो. शेरखान दबदब्याचा वाटला नसता, तर त्या लाथेला किंमत उरली नसती. मनोजकुमारने 'शोर'मध्ये पठाणाची भूमिका देऊ केली, तेव्हा ती शेरखानसारखीच होईल म्हणून प्राण यांनी नाकारली आणि ती प्रेमनाथकडे गेली.

सत्तरच्या दशकात त्यांचं मानधन अनेक नायकांहून जास्त होतं. श्रेयनामावलीत सगळ्यांची नावं झाल्यावर शेवटी स्वतंत्रपणे 'आणि प्राण' असं झळकायचं. बनी रूबेन यांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्राचं नावही तेच. पद्मभूषण २००१मध्ये मिळालं. २०१२चा दादासाहेब फाळके पुरस्कार प्रकृतीमुळे मे २०१३मध्ये मुंबईच्या घरी येऊन देण्यात आला. १२ जुलै २०१३ रोजी लीलावती रुग्णालयात त्यांचं निधन झालं.

भूमिकेची लांबी लेखक ठरवतो, कोणाला नायक करायचं ते निर्माता ठरवतो. मिळालेल्या माणसाला एखादी सवय, एखादी नजर, चालण्याची एखादी ढब देणं एवढंच नटाच्या हातात उरतं. लाहोर, मुंबई, पुणे, मद्रास, जिथे काम मिळालं तिथे प्राण यांनी सुमारे साडेतीनशे चित्रपटांत तेवढाच अधिकार वापरला आणि पुरेपूर वापरला.